न पाहिलेल्या सिनेमाची माफी

शुक्रवार, २७ सप्टेंबर १९५७

तीर्थस्वरूप लुएलाताईस,

धाकट्या अ‍ॅमॉसचा तुला आणि रॉस्कोदाजींना मनापासून नमस्कार. इकडे देवाच्या दयेने सगळे खाऊनपिऊन आहेत, तुमचंही तसंच असो. दाजींचा गुडघा कसा आहे? मोटारीच्या कारखान्यात अकरा वर्षं उभं राहून त्यांनी साऱ्या जगाची बसून फिरायची सोय केली, आणि गुडघा गेला तो त्यांचा. डेट्रॉइटला आता थंडी पडायला लागली असेल. गुडघा झाकून ठेवायला सांग.

आज सकाळी मी पर्लची माफी मागितली. (पर्ल म्हणजे आमची तांबडी गाय. तू इथून गेलीस तेव्हा तिची आजी दूध देत होती.) धार काढून झाली, बादली बाजूला ठेवली, टोपी काढली आणि तिच्यासमोर सरळ उभा राहून म्हणालो, ‘बंधुभगिनींनो, माझ्या हातून चूक झाली, मला तिचा खेद आहे, पुन्हा तसं होणार नाही.’ पर्लने रवंथ थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा म्हणालो. असं सहा-सात वेळा झालं. शेवटी गोठ्याच्या दारातून लोरेना म्हणाली, ‘गायीला पटत नाहीये, पाळकांना काय पटणार?’ नवऱ्याचं काही बिनसलं की बायकोला असं नेमकं बोलणं कुठून सुचतं, हे मला एकवीस वर्षांत कळलेलं नाही.

सराव एवढ्यासाठी की उद्या चौथा शनिवार, म्हणजे मंडळीची बैठक. उद्या मी सगळ्यांसमोर उभं राहून खेद व्यक्त केला नाही, तर माझं नाव मंडळीतून काढून टाकतील. ज्या चर्चमध्ये आपल्या वडिलांनी तीस वर्षं भजनांचा सूर धरला आणि त्यांच्यामागे गेली एकोणीस वर्षं मी धरतो आहे, तिथून मला काढतील. नेलमावशीचं पत्र तुला आलंच असेल, आणि त्यात मी थिएटरात नाचलो असं लिहिलेलं असेल. मी नाचलो नाही. काय झालं ते पहिल्यापासून सांगतो. चूल बंद असेल तर निवांत वाच, चालू असेल तर आधी बंद कर, कारण हे लांबणार आहे.

आमची आयडेला आता सतरा वर्षांची आहे. लेन हार्गिस नावाच्या पोरावर तिची फार भक्ती आहे. (तिकडे रेडिओवर तूही ऐकला असशील. उचकी लागल्यासारखं गातो.) हा हार्गिस आपल्याच बाजूचा, डोंगरापलीकडच्या तालुक्यातला, कालपर्यंत लाकडाचा ट्रक चालवायचा. आता त्याला घेऊन सिनेमा काढलाय, त्यात तो ट्रक चालवायचं सोडून गायला लागतो. म्हणजे जे खरं झालं तेच पुन्हा करून दाखवायला लोकांनी पैसे घेतले. सिनेमा ऑगस्टात तालुक्याला आला आणि पोरीने जेवण सोडलं. अगदी सोडलं नाही, पण मक्याची भाकरी ताटात चिवडून उठायची. लोरेना म्हणाली, ‘तू घेऊन जा तिला.’ मी म्हणालो, आपल्या मंडळीत सिनेमाला जात नाहीत. ती म्हणाली, ‘तू नाही नेलंस तर ती त्या गॅरेजवाल्याच्या पोराबरोबर जाईल. मंडळीत तेही चालत नाही. तुला कुठलं चालणार नाही ते तूच ठरव.’

मी रात्रभर प्रार्थना केली आणि मधला मार्ग काढला. जायचं, पोरीशेजारी बसायचं, पण डोळे मिटून. पापाचं दार डोळ्यांत असतं, ते लावून घेतलं की माणूस थिएटरात बसला काय आणि धान्याच्या कोठारात बसला काय, सारखंच. ताई, आजही मला हा विचार चुकीचा वाटत नाही. चूक झाली ती एवढीच की मी पहाटे चारला उठलेलो होतो, खेळ दुपारी दोनचा होता, बाहेर कापूस करपवणारं ऊन होतं, आणि ओटिस बॅगवेलने आपल्या थिएटरात नवं गार हवेचं यंत्र बसवलं होतं. अशा जागी, अशा मऊ खुर्चीत, डोळे मिटून बसलेला शेतकरी किती वेळ जागा राहील असं तुला वाटतं? आयडेला म्हणते, पडद्यावरची सुरुवातीची नावंसुद्धा संपली नव्हती.

जाग आली ती भजनाने. आणि भजन कुठलं, तर नदीकाठच्या घराचं, जे वडिलांनी आईला माती देताना धरलं होतं. तो हार्गिस सिनेमात मोठा होतो, शहरात बिघडतो, मग आई गेल्यावर घरी येऊन ओसरीवर हे भजन म्हणतो. (हे सगळं मला नंतर कळलं.) मला एवढंच ऐकू आलं की कोणीतरी आपलं भजन धरलंय, वाद्याशिवाय, एकट्याने, आणि फार उंच पट्टीत. तू आता पियानोवाल्या चर्चमध्ये जातेस म्हणून आठवण करून देतो: आपल्याकडे वाद्य नाही, त्यामुळे धरणाऱ्याने पट्टी चुकवली की शेवटच्या कडव्यापर्यंत निम्म्या बायकांचा आवाज फाटतो. ते निस्तरायचं काम माझं. एकोणीस वर्षांची सवय. झोपेतच मला वाटलं की मी बाकावर पेंगलो आणि कुणा पोराने घाईने सूर धरला. मी उभा राहिलो, डोळे मिटलेलेच, हात वर करून त्याला थांबवलं आणि भजन खाली उतरवून खर्जात घेतलं.

तो थांबला नाही, हे मला तेव्हा फार उद्धट वाटलं. पण पट्टीचं काय झालं कुणास ठाऊक, पहिल्या दोन ओळी ओढाताण झाली, मग आम्ही जमलो. ताई, खोटं का बोलू, पोरगा श्वास बरोबर जागी घेतो. कुणीतरी त्याला आपल्यासारख्याच चर्चमध्ये बाकावर बसवून शिकवलेलं आहे. दोन कडवी आम्ही दोघं म्हणालो. आणि दुसरं संपताच ठणाणा गिटार वाजायला लागली.

आता तू सांग, मी काय समजणार? मला वाटलं, कुणीतरी वाद्य घेऊन चर्चमध्ये शिरला. भजनाला चार कडवी आहेत. वडील काय म्हणायचे ते तुला आठवतच असेल, भजन मध्येच सोडणं म्हणजे प्रेताला खड्ड्याच्या काठावर ठेवून जेवायला जाणं. तो हार्गिस गेला जेवायला. मी नाही गेलो. मी आवाज वाढवला आणि तिसरं कडवं त्या गिटारीच्या उरावर म्हटलं. कोट कुणीतरी ओढत होतं. मी पोरांच्या किंचाळण्याकडे लक्ष दिलं नाही, हल्ली चर्चमध्येही पोरं आवरत नाहीत. चौथं संपेपर्यंत गिटार बंद पडली, कारण ओटिस बॅगवेलने सिनेमाचं यंत्र थांबवून दिवे लावले होते. मी डोळे उघडले तेव्हा समोर पांढरा पडदा होता, भोवती दीडशे पोरी होत्या, त्यातल्या काही रडत होत्या, आणि ओटिस मधल्या वाटेत उभा राहून म्हणत होता, ‘अ‍ॅमॉस, झालं असेल तर पुढे चालू करू?’

मी पोरीला घेऊन बाहेर आलो. उरलेला सिनेमा पाहिला नाही. आधीचाही पाहिला नव्हता. हे लक्षात ठेव, पुढे उपयोगी पडेल.

आयडेला घरापर्यंत पिकअपमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली होती. पुढे तीन दिवस ती आईमार्फत बोलत होती. (‘आई, यांना विचार मीठ हवंय का.’) मग शाळा उघडली आणि चमत्कार झाला. जिचा बाप लेन हार्गिसबरोबर गायला ती पोरगी म्हणून तिला मान मिळायला लागला. मी बरोबर गायलो नाही, त्याच्या विरोधात गायलो, हे कुणी ऐकून घेईना. ओटिसने तर कहर केला. सिनेमा आठवड्यात जायचा तो त्याने ठेवून घेतला आणि बाहेर पाटी लावली की दर शनिवारी दुपारच्या खेळाला भजन चारही कडव्यांसह होईल. मी त्याच्याकडे जाऊन पाटी काढायला सांगितलं. तो म्हणाला, ‘तू नको येऊस रे. पोरीच म्हणतात आता. तिसरं कडवं जरा कच्चं आहे, तेवढं सांगून जा.’

ही पाटी होलिस स्टबलफील्डने पाहिली. होलिसभाऊ तुला आठवतो, ज्याने शाळेत दोन बोटं मोजून तुझी वेणी आखूड केली होती. ऑगस्टच्या बैठकीत तो उभा राहिला आणि माझ्याविरुद्ध दोन तक्रारी मांडल्या: अ‍ॅमॉसभाऊ सिनेमाला गेला, आणि अ‍ॅमॉसभाऊने वाद्याबरोबर देवाचं भजन गायलं. पहिलीला तर खेद म्हटलं की मिटतं. दुसरी फार जड. पाळक प्रुइट चार चर्चना मिळून एकटे, महिन्यातून एकदा येतात, त्यांना घरी जायची घाई. त्यांनी नेहमीप्रमाणे दोघांची समिती नेमली आणि माझ्याकडे समजूत घालायला पाठवली: खुद्द होलिसभाऊ, आणि बरोबर व्हर्नल क्रॅबट्री.

दोघं येऊन ओसरीवर बसले. लोरेनाने ताक दिलं. होलिसभाऊ म्हणाला, ‘गिटार वाजत असताना तू गात होतास की नाही?’

मी म्हणालो, ‘मी गात असताना गिटार वाजायला लागली.’

‘एकच झालं.’

‘एकच कसं? माझं डुक्कर तुझ्या मक्यात शिरलं तर डुक्कर तू पाळलंस असं होतं का?’

‘डुकराचा विषय काढू नकोस,’ व्हर्नलभाऊ म्हणाला, ‘ते अजून मिटलेलं नाही.’

तासभर असं चाललं. शेवटी सगळं एका मुद्द्यावर आलं. गिटार पहिल्यापासून होती, तर मी वाद्याबरोबर गायलो. गिटार मागून आली, तर ती माझ्या भजनात घुसली, माझा दोष नाही. आणि मी स्वतःबद्दल दिलेली साक्ष चालत नाही. मग व्हर्नलभाऊ पेल्याच्या तळाशी पाहत हळूच म्हणाला की जाऊन ऐकल्याशिवाय हे कळायचं नाही. होलिसभाऊने हो म्हणण्याआधी निदान दाखवायला जेवढा वेळ घ्यायला हवा होता तेवढाही घेतला नाही.

गेले. खिशातलं घड्याळ घेऊन गेले, आणि एकदा नाही, दोनदा पाहिला, कारण पहिल्या वेळी ऐन क्षणी घड्याळाकडे बघायचं राहिलं असं होलिसभाऊ म्हणतो. (व्हर्नलभाऊ म्हणतो, होलिसच्या हातात शेंगदाणे होते.) आणि येऊन प्रामाणिकपणे सांगितलं: दोन कडवी कोरी, गिटार तिसऱ्याला. मी सुटलो. पण हा अहवाल त्यांनी पाळकांना पत्राने कळवला, तेव्हा पाळकांनी उलट टपाली विचारलं की हे तुम्हाला कसं कळलं. तेव्हा आता उद्या तिघांनी उभं राहायचं आहे. शिवाय पाळकांनी लिहिलंय की वाद्याचं सोडा, पण थिएटरसारख्या जागी भजन म्हणणं हेच अयोग्य, तेव्हा अ‍ॅमॉसभाऊने त्याचाही खेद व्यक्त करावा.

होलिसभाऊचा खेद तयार आहे. बुधवारी गिरणीवर त्याने मला म्हणून दाखवला. त्यात डोळ्यांत पाणी यायची जागासुद्धा ठरलेली आहे. मला म्हणतो, ‘दोन मिनिटांचं काम आहे, अ‍ॅमॉस. एवढं काय धरून बसलायस?’

काय धरून बसलोय ते फक्त तुला सांगतो, लोरेनालाही पुरतं सांगितलेलं नाही. आयडेलाने दोन वर्षांपासून चर्चमध्ये तोंड उघडलेलं नाही. आईशेजारी बसते, पुस्तक उघडते, ओठ मिटलेले. मी तिला रागावलो नाही, कारण रागावून गायला लावलेला आवाज मी ओळखतो. पण दर रविवारी सूर धरताना माझा एक कान बायकांच्या बाकाकडे असतो, आणि तिथे एक जागा रिकामी ऐकू येते. त्या दिवशी थिएटरात तिसऱ्या कडव्यापर्यंत कोट ओढणारी तीच होती. चौथ्याला कोट सुटला. आणि माझ्या डाव्या हाताला वरच्या पट्टीत साथ लागली, स्वच्छ, आपल्या आईसारखी. ती उभी होती की बसलेली मला माहीत नाही, माझे डोळे मिटलेले होते. पण ते कडवं तिने शेवटपर्यंत म्हटलं.

आता याचा खेद कसा करायचा ते मला पर्लसमोर जमत नाही. पण लोरेना म्हणते, शब्द म्हण आणि मोकळा हो, देव मन बघतो. मन बघतो हेच तर अडतंय. तरीही मी ठरवलंय की उद्या म्हणून टाकायचं. माणूस पन्नाशीला आल्यावर बाक बदलत नाही.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
अ‍ॅमॉस टिडवेल

ता. क. शनिवार, संध्याकाळ. पत्र टाकायचं राहिलं होतं म्हणून लिहितो. म्हटलं नाही. होलिसभाऊने ठरल्या जागी डोळे पुसले, त्याला सगळ्यांनी माफ केल्याचा उजवा हात दिला. व्हर्नलभाऊलाही दिला. मग पाळकांनी मला विचारलं, ‘अ‍ॅमॉसभाऊ, सिनेमा पाहिलास याचा खेद आहे?’ मी म्हणालो, ‘पाळकसाहेब, पाहिलाच नाही. डोळे मिटलेले होते.’ ते म्हणाले, ‘बरं, गेलास याचा?’ मी म्हणालो, ‘झोपलो याचा आहे.’ बाकांवर कुणीतरी खोकलं. ते म्हणाले, ‘आणि तिथे भजन म्हटलंस याचा?’ मी तोंड उघडलं. सकाळी पाठ केलेलं सगळं तोंडात होतं. मी म्हणालो, ‘नाही, पाळकसाहेब. त्याचा नाही. पुन्हा तिथे कुणी धरलं तर पुन्हा म्हणेन.’ मग मत झालं. मला काढायच्या बाजूने अकरा जण उभे राहिले, सात बसून राहिले, त्यात लोरेना होती आणि, काय सांगू, होलिसभाऊ होता. पाळक वाईट माणूस नाहीत, म्हणाले की ज्या महिन्यात खेद वाटेल त्या महिन्यात दार उघडं आहे. मी टोपी घेऊन मागच्या बाकावर, मंडळीत नसलेल्यांच्यात, आयडेलाशेजारी जाऊन बसलो. (तिचा बाप्तिस्मा झालेला नाही, त्यामुळे बैठकीच्या दिवशी ती मागे बसते.)

दुसरा ता. क. खरं तर याच्यासाठीच पत्र पुन्हा उघडलं. शेवटचं भजन धरायला कुणी उठेना. तेव्हा बायकांच्या बाकावरून लोरेनाने धरलं. आपल्या चर्चमध्ये बाईने सूर धरल्याचं मी ऐकलेलं नाही, पण मनाई आहे असंही कुठे लिहिलेलं नाही, आणि पाळकांना घरी जायचं होतं. उद्यापासून तीच धरणार असं दिसतंय. पण ताई, तिने फार उंच धरलं. आयडेला ओढून नेत होती म्हणून निभावलं, मी मागून खर्ज देत होतो, तरी शेवटच्या कडव्याला म्हाताऱ्या पार्थेनाबाईचा आवाज फुटला. मी घरी येताना हे सांगितलं तर लोरेना म्हणाली, ‘मंडळीत नसलेल्यांनी पट्टी सांगू नये.’ माझं ती ऐकायची नाही, तुझं ऐकते. तेव्हा एवढं काम कर. तिला एक पत्र लिही, माझं नाव न घेता, आणि दोन सूर खाली धरायला सांग. दाजींचा गुडघा वगैरे आधी लिही, मग सहज आल्यासारखं ते लिही.

तिसरा ता. क. शनिवार, ५ ऑक्टोबर. पोस्टाची तिकिटं संपली होती म्हणून पत्र आठवडाभर घरातच राहिलं. त्या आठवड्यात मी बराच विचार केला. मंडळीने मला काढलं ते सिनेमाला गेल्याबद्दल आणि गायल्याबद्दल. गाण्याचा खेद मला होणार नाही, ते माझं आणि देवाचं ठरलंय. पण पहिल्या तक्रारीबद्दल, म्हणजे सिनेमाबद्दल, मात्र माझ्या मनाला खात राहिलं की ज्याची शिक्षा भोगतोय ते मी केलेलंच नाही. होलिसभाऊने दोनदा पाहिला आणि तो आत आहे; मी एकदाही पाहिला नाही आणि बाहेर आहे. पाळकांनी पुढच्या बैठकीत पुन्हा विचारलं तर निदान एका गोष्टीचा खेद मला खऱ्या मनाने म्हणता यायला हवा, आणि न केलेल्या गोष्टीचा खेद कुणाला कसा होणार?

म्हणून आज दुपारी दोनच्या खेळाला गेलो. ओटिसने तिकिटाचे पैसे देऊ नकोस म्हणून फार आग्रह केला, मी ऐकलं नाही, फुकट केलेल्या पापाचा हिशेब कठीण. एका बाजूला लोरेना, एका बाजूला आयडेला. नावं लागली तेव्हापासून ते दिवे लागेपर्यंत मी डोळे उघडे ठेवले. आता केलेलं पाप तरी माझ्या नावावर आहे, खेद यायचा तेवढा बाकी आहे.